कष्टकऱ्यांचे फोटो : चौकट कोणाची, नजर कोणाची?

गेल्या भीमजयंतीला आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही एक छोटे फोटोप्रदर्शन भरवले होते. विषय होता ‘कष्टकरी’. आमच्या गटातली चार-पाच पोरे महिनाभर पहाटे उठून मोबाइल आणि एक जुना कॅमेरा घेऊन फिरली. रस्ता झाडणाऱ्या बायका, कचऱ्याच्या गाडीवरचे कामगार, नाक्यावर कामाची वाट बघणारे बिगारी, भंगार निवडणारी म्हातारी माणसे, सगळे टिपले. त्यातले तीस फोटो निवडून, मोठे करून आम्ही भिंतीवर लावले. आम्हाला त्याचा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याच वस्तीतल्या एक ताई आल्या. त्या कंत्राटी सफाई कामगार. प्रदर्शनातला सगळ्यांना आवडलेला फोटो त्यांचाच होता. पहाटेचा पिवळा उजेड, उडालेली धूळ, धुळीत वाकलेली पाठ आणि हातात खराटा. चेहरा दिसत नव्हता. त्या बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हा काढा.”

आम्ही विचारले, का? त्या म्हणाल्या, “उद्या माझी पोरगी मैत्रिणींना घेऊन येणार आहे.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “आणि ह्यात दिसतंय काय? माझी पाठ. हातात मोजे नाहीत ते दिसतंय का? धूळ लई छान आलीय, पण ती माझ्या नाकात जाते. तोंडाला मी घरचं फडकं बांधते, ते दिसतंय का? मुकादम पलीकडंच उभा होता, तो कुठाय? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

आम्ही फोटो काढला. पण ताईंचे प्रश्न काही भिंतीवरून उतरले नाहीत. आम्ही समाजशास्त्र शिकलेले, वस्तीत काम करणारे, बाबासाहेबांचे नाव घेणारे. तरी आमच्याच माणसाचा फोटो काढताना आमची नजर परक्याची कशी झाली? ही नजर आली कुठून? याचा शोध घेताना फोटोच्या इतिहासात शिरावे लागले. तो इतिहास आपल्या चळवळीतल्या प्रत्येक तरुणाला माहीत असला पाहिजे, कारण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

हातातले अवजार म्हणजेच माणूस?

फोटोची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जगापुढे जाहीर झाली आणि काही वर्षांतच ती हिंदुस्थानात रुजली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. याच मुंबईत विल्यम जॉन्सन या इंग्रज माणसाने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जाती-जमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातली गंमत अशी की माणसांचे फोटो वेगळे काढायचे, ते कापायचे आणि दुसऱ्याच एखाद्या दृश्यावर चिकटवायचे, अशी त्याची पद्धत होती. माणूस एकीकडचा, पार्श्वभूमी दुसरीकडची आणि खाली नाव जातीचे.

त्यानंतर सरकारी पातळीवर याहून मोठे काम झाले. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या इंग्रज सत्तेला आपण कोणावर राज्य करतो हे जाणून घ्यायचे होते. १८६८ ते १८७५ या काळात जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ संपादित केला. साडेचारशेहून अधिक फोटो आणि प्रत्येकासोबत त्या जमातीचे वर्णन. कोण राजनिष्ठ, कोण भांडखोर, कोण लबाड, हे सगळे एका फोटोच्या आधारे पूर्ण समाजाला चिकटवलेले. हे खंड निघत असतानाच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली. फोटोमुळे कायदा आला असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्हींच्या मागचा विचार एकच होता. एक माणूस बघितला की त्याची अख्खी जमात कळते, हा तो विचार.

अशा फोटोंत कष्टकरी कसा दिसतो ते नीट बघा. हातात अवजार दिलेले असते. विणकर मागासोबत, कुंभार चाकासोबत, मोची चामड्यासोबत. पण तो काम करत नसतो. त्या काळी फोटो निघायला वेळ लागायचा, म्हणून त्याला न हलता बसवलेले असते. अवजार तिथे काम दाखवायला ठेवलेले नसते, जात दाखवायला ठेवलेले असते. माणसाचे नाव बहुधा नसतेच.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये जातीच्या समर्थकांचा एक लाडका युक्तिवाद मोडून काढला. जात म्हणजे श्रमाची विभागणी, असे ते समर्थक म्हणायचे. बाबासाहेबांनी दाखवून दिले की ही नुसती कामाची वाटणी नाही, ही काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि तीही एकावर एक उतरंडीने रचलेली. माणसाची आवड, त्याची कुवत यांना तिथे जागाच नाही. इंग्रजांच्या त्या फोटोंनी नेमकी हीच उतरंड कागदावर पक्की केली. मनुस्मृतीने जे श्लोकात सांगितले ते कॅमेऱ्याने चित्रात सांगितले. काम म्हणजे जात आणि जात म्हणजे माणूस.

आमच्या भिंतीवरचा तो फोटो आठवा. खराटा, पाठ, धूळ. नाव नाही, चेहरा नाही. दीडशे वर्षांनी आम्ही तेच केले होते, फक्त उजेड जास्त चांगला होता.

फसवायचे कोणाला?

कष्टकऱ्याचा फोटो वेगळ्या रीतीने काढता येतो हे दाखवणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. लुईस हाइन. मूळचा शिक्षक, समाजशास्त्र शिकलेला, काही काळ कोलंबिया विद्यापीठातही. १९०८ पासून त्याने नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या संस्थेसाठी बालमजुरांचे फोटो काढायला सुरुवात केली. सूतगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, मासळीचे कारखाने. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये शिकत होते, तेव्हाही हाइनचे हे काम चालू होते.

कारखानदार त्याला आत येऊ देत नसत. मग तो कधी बायबल विकणारा बनायचा, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलोय म्हणायचा. पोरांशी बोलता बोलता त्यांचे वय, पगार, कामाचे तास विचारायचा आणि खिशातल्या वहीत लिहून ठेवायचा. स्वतःच्या कोटाच्या गुंड्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत हे त्याला पाठ होते, त्यावरून तो पोराची उंची मोजायचा. साउथ कॅरोलायनातल्या एका सूतगिरणीतला त्याचा १९०८ चा फोटो प्रसिद्ध आहे. दूरवर गेलेली यंत्रांची रांग आणि त्यांच्यापुढे उभी असलेली एक चिमुरडी. उंची ४८ इंच, म्हणजे चार फूट. हा आकडा त्याने फोटोखाली लिहून ठेवला आहे.

या फोटोची रचना समजून घेण्यासारखी आहे. यंत्रांची रांग चौकटीत मुद्दाम ठेवली आहे. ती नसती तर एक गोड, गरीब मुलगी दिसली असती आणि बघणाऱ्याला नुसती दया आली असती. रांग दिसते म्हणून यंत्र केवढे आणि पोर केवढे ते कळते, आणि हिला इथे कोणी उभे केले हा प्रश्न पडतो. दया आणि प्रश्न यात फरक आहे. दया आलेला माणूस चार पैसे देऊन निघून जातो, प्रश्न पडलेला माणूस जबाबदार कोण ते शोधतो.

आणखी एक गोष्ट. हाइन खोटे बोलला, पण मालकाशी बोलला. त्याची बरीच मुले सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. आपला फोटो निघतोय हे त्यांना माहीत आहे. आम्ही मात्र नेमके उलटे केले. मुकादमाला कळू न देता काढला असता तर समजण्यासारखे होते, आम्ही ताईंनाच कळू दिले नाही.

बालमजुरीवर १९१६ साली कायदा झाला, १९१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडले. म्हणजे फोटो काढला आणि क्रांती झाली असे होत नाही. फोटोमागे संघटना लागते, आकडे लागतात, वर्षानुवर्षांचा लढा लागतो. स्वतः हाइन १९४० साली गरिबीत वारला.

आईचा फोटो, पण आईला काय मिळाले?

याच्या उलट उदाहरणही अमेरिकेतलेच आहे. डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. ‘मायग्रंट मदर’ या नावाने तो जगभर पोहोचला. पोरे खांद्याला बिलगलेली, आईची नजर लांब कुठेतरी, हात गालाला लागलेला. रचनेत खोट काढायला जागा नाही.

पण लँग यांनी त्या बाईचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले ते १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. त्या मूळच्या चेरोकी आदिवासी. हा फोटो काढलाच नसता तर बरे झाले असते, आपल्याला त्यातून एक पैसाही मिळाला नाही, अशी त्यांची तक्रार होती. लँग यांचा हेतू वाईट नव्हता, त्या सरकारी मदत पोहोचावी म्हणूनच काम करत होत्या. पण हेतू चांगला असला म्हणजे नजर समतेची होतेच असे नाही. आपल्या देशातल्या ‘हरिजनसेवे’चा इतिहास माहीत असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

जुलै १९४२, ऑगस्ट १९४२

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी घेतली. त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९४२ मध्ये, वॉशिंग्टनच्या एका सरकारी इमारतीत एका काळ्या फोटोग्राफरने एका काळ्या सफाई कामगार बाईंचा फोटो काढला. फोटोग्राफर गॉर्डन पार्क्स, बाई एला वॉटसन. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण कामगाराला माणूस म्हणून उभे करण्याची लढाई त्या वर्षी दोन खंडांत चालू होती, हे आपण लक्षात ठेवावे.

पार्क्स कॅन्ससमधल्या गरीब घरातले, पंधरा भावंडांत धाकटे. रेल्वेत वेटरचे काम करताना एका मासिकात स्थलांतरित मजुरांचे फोटो बघून त्यांनी जुना कॅमेरा विकत घेतला. १९४२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते वॉशिंग्टनच्या सरकारी फोटो विभागात आले. तिथले प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी पहिल्याच दिवशी त्यांना कॅमेरा ठेवून शहरात फिरायला पाठवले. हॉटेलात जेवण नाकारले, दुकानात वागणूक वाईट मिळाली, सिनेमागृहात प्रवेश नाकारला. पार्क्स चिडून परतले. आता या वर्णद्वेषाचा फोटो काढतो म्हणाले. स्ट्रायकर यांचे म्हणणे असे होते की द्वेष करणाऱ्याचा नुसता चेहरा टिपून द्वेष दिसत नाही, ज्यांनी तो सोसला आहे त्यांच्याशी आधी बोल.

मग पार्क्स त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांच्याशी बोलले. वडिलांना जमावाने ठार मारले, नवरा गोळीबारात गेला, पदरात नातवंडे, पगार वर्षाला १,०८० डॉलर. हे ऐकल्यानंतर त्यांनी फोटो काढला. मागे अमेरिकेचा मोठा झेंडा, पुढे वॉटसन ताठ उभ्या, एका हाताशी झाडू, बाजूला फरशी पुसायचा दांडा. नजर थेट समोर. अमेरिकेत घराघरात माहीत असलेल्या ग्रँट वुड यांच्या १९३० च्या ‘अमेरिकन गॉथिक’ या चित्रात एक गोरा शेतकरी असाच दाताळे हातात धरून उभा आहे. त्याच्या जागी पार्क्स यांनी सफाई कामगार बाईंना उभे केले. हा देश कोणाचा, हा प्रश्न त्यांनी एकही शब्द न लिहिता विचारला. फोटो बघून स्ट्रायकर म्हणाले की तुला मर्म कळू लागले आहे, पण तू आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या घालवशील.

हा फोटो नकळत टिपलेला नाही, ठरवून उभा केलेला आहे. जॉन्सनचे फोटोही ठरवून उभे केलेले होते. मग फरक कुठे? जॉन्सनच्या चौकटीत अवजार माणसाला गिळते, पार्क्स यांच्या चौकटीत माणूस अवजार धरून व्यवस्थेला जाब विचारतो. आणि पार्क्स एका फोटोवर थांबले नाहीत. पुढचे काही आठवडे ते वॉटसन यांच्यासोबत होते. रात्रीचे कार्यालय, घर, नातवंडे, चर्च. त्या फोटोंत खरा सहजपणा आहे. तो लपून मिळालेला नाही, ओळखीतून मिळालेला आहे. माणूस आपल्यासमोर सैल होतो तो विश्वास बसल्यावर.

आपल्याकडे

आपल्याकडे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो कृष्णधवल रंगात काढले. गटारातले, कचऱ्यातले, आणि घरातलेही. ते फोटो बघायला सोपे नाहीत. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. तमिळनाडूचे पलनी कुमार यांची आई मासे विकणारी. आईनेच कर्ज काढून घेऊन दिलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी सफाई कामगारांचे, कष्टकरी बायकांचे आणि स्वतःच्या आईचेही फोटो काढले. ज्या घरात कष्ट आहेत त्याच घरातून कॅमेरा बाहेर पडला की काय होते, ते इथे दिसते. पण नुसता जन्म पुरत नाही, हे आमच्या प्रदर्शनाने आम्हाला शिकवले आहे. आम्ही वस्तीतलेच होतो आणि चुकलो.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला, सांगून फोटो काढला तर माणूस अवघडतो, कामाचा खरेपणा जातो. पण पार्क्स यांचे उत्तर आपण पाहिले. वेळ द्या. चार पहाटा नुसत्या सोबत जा, कॅमेरा न काढता. पाचव्या पहाटे तुमच्याकडे कोणी वळूनही बघणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अन्यायाचा पुरावा नको का? हवाच. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर २०१३ चा कायदा आहे. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. कंत्राटदार जेव्हा ‘माणूस आत उतरलाच नव्हता’ म्हणतो तेव्हा फोटोच कामी येतो. पण पुराव्याच्या फोटोत काय हवे? जागा, तारीख, कंत्राटदाराची गाडी, नसलेला मास्क, नसलेला पट्टा, काठावर उभा असलेला मुकादम. म्हणजे गुन्हा आणि गुन्हेगार. आपण मात्र काय पाठवतो? घाणीत माखलेला मृतदेह. तो शेकडो गटांत फिरतो आणि त्याची पोरे तो मोबाइलवर बघतात. आपला बाप असता तर पाठवला असता का?

आणखी एक सापळा आहे, तो गोड आहे म्हणून जास्त घातक. सोनेरी उजेडातला झाडू, सुरकुतलेला हसरा चेहरा, खाली ‘श्रमाला सलाम’. भंगीकाम ही थोर सेवा आहे, असे सांगणाऱ्या गांधीवादाचा बाबासाहेबांनी खरपूस समाचार घेतला होता. ज्या कामातून माणसाला सुटका हवी आहे त्या कामाची थोरवी गाणे म्हणजे त्याच्या पायातल्या बेडीला फुले वाहणे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले आणि महारवतनाविरुद्ध लढा दिला, तो ते काम सुंदर दिसावे म्हणून नव्हे.

आपल्या घराघरात बाबासाहेबांचा फोटो आहे. टेबलाशी बसून लिहितानाचा, पुस्तकात गढलेला. तोही काम करणाऱ्या माणसाचाच फोटो आहे. तो बघून आपल्याला अभिमान वाटतो, कारण ते काम त्यांनी स्वतः निवडले आणि व्यवस्थेने अडवले तरी मिळवले. खराट्याच्या फोटोने ताईंना लाज वाटली, कारण ते काम त्यांच्यावर लादले गेले. लाज ताईंची नाही, लादणाऱ्यांची आहे. त्यांना चौकटीबाहेर ठेवून आम्ही त्यांची लाज ताईंच्या पाठीवर टाकली होती.

म्हणून आता आमच्या गटात फोटो निवडायला बसलो की उजेड आणि कोन यांच्याआधी काही गोष्टी विचारतो. या माणसाला फोटो माहीत आहे का? नाव लिहायचे की नाही हे त्याने ठरवले आहे का? चौकटीबाहेर कोण राहिले आणि का? बघणाऱ्याला दया येते की प्रश्न पडतो? आणि हा फोटो त्याच्या लेकराने बघितला तर?

काही महिन्यांनी आम्ही ताईंकडे पुन्हा गेलो. त्या तयार झाल्या, पण कुठे, कसा, हे त्यांनी ठरवले. हजेरी चौकीबाहेर, ड्युटी संपल्यावर, ताठ उभ्या. हातात कंत्राटदाराने एकदाच दिलेले आणि फाटून गेलेले मोजे. नजर सरळ. फोटो चांगला आला आहे. पण तो छापला तर कामावरून काढतील, ही भीती खरी आहे. त्यांच्या सोबतच्या बाकीच्या बायका एकत्र येऊन मोज्यांची मागणी लेखी देतील, तेव्हा तो सोबत जोडायचा, असे ताईंनी सांगितले आहे. अर्जावर आतापर्यंत सहा सह्या झाल्या आहेत. तोवर तो फोटो आमच्याकडे आहे, भिंतीवर नाही.

जयभीम.